सासूबाईंचं हँडल आणि सामुदायिक ड्रिल

भिंतीला भोक पाडणं ही आता एखाद्या कुटुंबाची खासगी बाब राहिलेली नाही, हे सर्व विचारी लोकांनी मान्य केलं आहे. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला ते आधीच सांगितलं होतं. मी बाथरूमच्या भिंतीला लावायचं स्टीलचं हँडल घेत होते, तेव्हा तो म्हणाला, "ताई, हँडल नेताय तर ड्रिलही न्या. नाहीतर हे कुणाच्या घरी बसेल, सांगता येत नाही." मी हसून सोडून दिलं. दुकानदार सावध करतो तेव्हा त्याच्याकडे तो माल पडून असतो, इतकं अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकले आहे.

हँडल सासूबाईंसाठी होतं. आमच्या बाथरूमची फरशी ज्याने निवडली (नवऱ्याने), त्याने ती चमकते म्हणून निवडली. बाळाला आंघोळ घालून उठताना सासूबाईंचा पाय सरकला. त्या पडल्या नाहीत, बाळ पडलं नाही, फक्त बादली पडली. पण तेव्हापासून सासूबाई आत गेल्या की मी दाराबाहेर उभी राहायची आणि थोड्या थोड्या वेळाने "आई, झालं का?" असं विचारायची. सासूबाईंचं म्हणणं, फरशीने नाही तर या प्रश्नाने त्या नक्की पडतील. म्हणून हँडल.

ड्रिल विकत न घेण्यामागे मात्र थोर विचार होता. सामान्य घरातलं ड्रिल उभ्या आयुष्यात एकूण तेरा मिनिटं चालतं आणि उरलेला काळ खोक्यात झोपून काढतं. (ही आकडेवारी वाचनालयाची आहे. ड्रिलची बाजू कुणी ऐकलेली नाही.) ही उधळपट्टी थांबवण्यासाठी आमच्या वस्तीत अवजार वाचनालय निघालं. पुस्तकांचं जुनं वाचनालय होतं, त्याच खोलीत. कपाटं तीच, 'शांतता राखा' ही पाटी तीच. त्यामुळे हातोडी चालते की नाही ते ग्रंथपालबाई हवेत मारून दाखवतात. पक्कड, पाना, फावडं अशी अवजारं वर्णानुक्रमे लावलेली असून प्रत्येकावर गोल शिक्का आहे. वाचण्यासारखं तिथे फक्त नियमपत्रक आहे, पण ते अनेक जाड पुस्तकांना भारी पडेल.

एक, नेलेलं अवजार सभासदाने स्वतःच्या उंबरठ्याबाहेर काढू नये. (पूर्वी एक करवत अशीच हातोहात फिरत गेली. तिचा शेवटचा पुरावा म्हणजे कुणाचं तरी अर्धं टेबल.) दोन, दारी आलेल्या गरजू सभासदाला अवजार वापरू द्यावं, कारण वाचनालय सामुदायिक आहे. तीन, कुणी काय नेलं हे गुप्त राहील. हा नियम पुस्तकांच्या काळातला. त्या काळी त्याला कारणंही होती. आणि चार, एकदा बसवलेली वस्तू उपटणं ही तोडफोड समजली जाईल.

चारही नियम सुटे सुटे वाचले तर अत्यंत शहाणपणाचे आहेत. एकत्र वाचायला कुणालाच वेळ नव्हता.

मी ड्रिल मागायला गेले तेव्हा ते बाहेर गेलेलं होतं. कुणाकडे, असं विचारलं. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "उद्या तुम्ही करवत न्याल. मग मी गावभर सांगत सुटू का?" माझ्या कडेवर बाळ, माझ्या मनात करवतीचा विचारही नव्हता, तरी मला शरमल्यासारखं झालं. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना, म्हणून मी शिडी घेऊन आले.

शिडी गुप्त ठेवता येत नाही. ती आमच्या बाल्कनीतून हातभर बाहेर डोकावत होती. दुसऱ्या दिवशी वस्तीतले शिंपीदादा पडदा आणि त्याची काठी घेऊन हजर. त्यांच्या खिडकीला पडदा लावायला शिडी हवी होती. शिडी उंबरठ्याबाहेर जाणार नाही आणि त्यांना नाही म्हणता येणार नाही. दोन्ही नियम पाळायचे तर मार्ग एकच उरतो, आणि आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत. त्यांचा पडदा आमच्या खिडकीला लागला. मोठी जांभळी फुलं आहेत. शिंपीदादा संध्याकाळी येऊन तो ओढून घेतात, समाधानाने बघतात आणि आपल्या उघड्या खिडकीच्या घरी जातात.

मग नर्सबाईंची गोधड्यांची पेटी आमच्या माळ्यावर चढली. बस ड्रायव्हरचं घड्याळ आमच्या भिंतीवर, छताखाली बोटभर जागा सोडून बसलं. तो वेळ बघायला आमच्याकडे येतो, चहा घेतो आणि बसला उशीर होतो. नवरा खूश होता. माणसं जोडली जातायत, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. वाचनालयाच्या अहवालातही तेच आहे: सत्तर टक्के सभासदांची आपसातली ओळख वाढली. (उरलेले तीस टक्के सख्खे भाऊ होते. त्यांची ओळख थोडी कमी झाली.)

हँडल मात्र फ्रिजवर तसंच पडून होतं. सासूबाई आंघोळीला जायच्या आणि मी दाराबाहेर श्वास रोखून उभी असायची. एका सकाळी लांबून कुठून तरी ड्रिलचा घुर्रर्र आवाज आला. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"ते बघ, चालू झालं," त्या म्हणाल्या.

"आई, पण ते इथे आणता येणार नाही."

"भिंत नेता येत नाही, ड्रिल आणता येत नाही. मी तर जाऊ शकते ना? हँडल माझं. ते जिथे लागेल तिथे मी आंघोळ करीन."

या युक्तिवादात मला अजून चूक सापडलेली नाही. त्यांनी हँडल, टॉवेल आणि साबण पिशवीत घातला आणि आवाजाच्या दिशेने निघून गेल्या. तासाभराने ओल्या केसांनी परत आल्या. चेहऱ्यावर असं तेज होतं की बाळाने त्यांना आधी ओळखलंच नाही.

हँडल पक्कं बसलं होतं. कुणाच्या घरी, असं मी विचारलं.

"ते गुप्त असतं गं," सासूबाई म्हणाल्या. "वाचनालयाचा नियम आहे."

मग त्या रोज जाऊ लागल्या. जिन्याने पिशवी घेऊन उतरताना त्यांची चाल बदलली होती, माहेरी निघाल्यासारखी. सुरक्षेचा प्रश्न मिटला होता, त्यामुळे मला काळजी करायला नवीन जागा शोधावी लागली आणि ती मला फार शोधावी लागली नाही. तिथली फरशी खरखरीत आहे, असं त्यांनी आपणहून सांगितलं. बसायला स्टूल आहे. बादली निळी आहे. आणि मग बाळाच्या तोंडात घास घालता घालता, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिथली सून गिझर आधीच लावून ठेवते. दाराबाहेर उभी राहून हाका मारत नाही."

मी बाळाची टोपी सरळ केली. ती सरळच होती.

त्या रात्री नवऱ्याला म्हटलं की आई हळूहळू तिकडच्या होत चालल्यात. तो म्हणाला, आंघोळीपुरत्याच. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिशवीत एक साडी जास्त घातली, त्यानंतर तेलाची बाटली, मग वाचायचा चष्मा. चष्मा लावून आंघोळ करणारं आमच्या घराण्यात कुणी नाही.

मी सोमवारी तडक वाचनालयात गेले. ड्रिल परत आलं होतं. ग्रंथपालबाईंनी ते बाळाइतक्याच काळजीने माझ्या दुसऱ्या हातावर ठेवलं. मी जिंकले असं मला वाटलं. घरी आले, प्लग लावला आणि लक्षात आलं की आता ड्रिल आहे, भिंत आहे, पण हँडल दुसऱ्यांच्या भिंतीला आहे आणि ते काढणं ही तोडफोड आहे. नवीन हँडल आणायचं ठरवलं आणि ड्रिल चालतं की नाही ते बघायला एकदा फिरवलं. घुर्रर्र.

दहाव्या मिनिटाला दारात एक आजोबा उभे होते. हातात टॉवेल, साबणाची डबी आणि स्टीलचं हँडल.

नाही कसं म्हणणार? नियम दोन. त्यांचं हँडल आमच्या बाथरूममध्ये बसलं, आणि एकाच हँडलची जागा होती. आता ते रोज येतात. मी गिझर आधीच लावून ठेवते. दाराबाहेर उभी राहते, पण हाक मारत नाही. चपलेचा आवाज करते, म्हणजे त्यांना कळतं. काल जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या घरी कुणी इतकं बघत नाही हो." त्यांची सूनही कुठेतरी 'तिथल्या सुने'चं कौतुक ऐकत असणार. तिची मला दया आली. मग जरा बरंही वाटलं.

परवापासून सासूबाई आलेल्या नाहीत. निरोप आला, 'इथेच बरं पडतंय, काळजी करू नकोस.' निरोप आजोबांनी आणला. त्यांना तो नर्सबाईंनी दिला, त्यांना आणखी कुणी. कुणी, ते गुप्त आहे. फोन त्या घरीच विसरून गेल्यात. बाळ त्यांच्या उशीपाशी जाऊन बसतं आणि दाराकडे बघतं. ग्रंथपालबाईंना तीनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

म्हणून हे छापायला देते आहे. तुम्ही आमच्याच वस्तीतले असाल तर सभासद असालच. आणि हसत हसत इथवर वाचत आला असाल तर एव्हाना बराच वेळ झाला. आत पाणी वाहतंय ना? तुमच्याच घरातलं कुणीतरी असेल, असं समजून तुम्ही बसला आहात. तुमच्या घरातले आजोबा मघाशीच टॉवेल घेऊन आमच्याकडे आलेत. कोण कुठे आंघोळीला जातं, ते तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं?

तेव्हा उठा. बादली निळी असेल तर त्या आमच्या आहेत. दार वाजवू नका, त्या दचकतात. फक्त बाहेर उभं राहून, हळू आवाजात, एकदा विचारा: आई, झालं का?