श्ट्रोबिंगरचे नाशिककर चाहते

"आंतरराष्ट्रीय गुप्तहेर झुंबर म्हणतात मला! चेहरा बघून बुटाचा नंबर सांगतो. पोलीस मला घाबरतात, म्हणून तर कधी बोलवत नाहीत."

असिस्टंट नौशादने मान डोलावली. बुटाचं खरं होतं. झुंबर आधी चपलांच्या दुकानात होता.

समोर कुंदन बसलेला. गंगापूर रोडवर सायबर कॅफे चालवायचा. साल दोन हजार सहा. कुंदनने उवे श्ट्रोबिंगर नावाच्या जर्मन फुटबॉल मिडफिल्डरची वेबसाइट बनवली होती. हा गडी बहुतेक वेळ बाकावर बसून सामना बघायचा, त्यामुळे जर्मनीतही त्याला फार कोणी ओळखत नसावं. पण साइटवर भेटी मोजणारा काउंटर सुसाट पळत होता. आणि बघणारे सगळे नाशिकचे!

"आज दादा येतायत सटाण्याहून," कुंदन रडकुंडीला आला. "म्हणाले, ही साइट बघणारा एक तरी माणूस दाखव, नाहीतर कॅफे बंद कर आणि कांद्याच्या आडतीवर बस. भाऊ, एक चाहता शोधून दे!"

"शंभर देतो," झुंबर म्हणाला.

पहिला संशय, जर्मन हेर द्राक्षं चोरायला आलेत. दुसरा, कॉलेजच्या पोरी त्याच्या केसांवर फिदा आहेत. नौशादने फोटो बघितला. डोक्यावर केसच नव्हते.

"म्हणूनच तर गुपित आहे!" झुंबर म्हणाला.

मग त्याने कॅफेतल्या एका काकूंना गाठलं. "श्ट्रोबिंगरला ओळखता? खरं बोला!"

"नाही बाई. मुलगा काय करतो? पत्रिका आहे का?"

नौशाद हळूच म्हणाला, "झुंबरभाई, लोक साइट उघडतात आणि लगेच बंद करतात."

"लाजतात रे. प्रेम आहे."

तेवढ्यात कुंदनचे दादा, खंडेराव आले. टोपी, हातात पिशवी. कुंदन पटकन पाया पडला. शेजारच्या कॉम्प्युटरवर ताहेरा बारावीचा रिझल्ट बघायला बसली होती. तिने इंटरनेट उघडलं आणि किंचाळली, "ए कुंदन! या टकल्याला काढ ना आधी! कुठंही बसा, पहिला हाच!"

"तुझ्या कॉम्प्युटरवर कसा आला?" कुंदन गडबडला.

"कौतुकाने प्रत्येक कॉम्प्युटरवर तूच ती साइट उघडून ठेवलीस. तिच्यावर चौकट येते, 'सुरुवातीला हीच साइट उघडू का?' आणि भिंतीवर तूच लिहिलंयस, 'कुठलीही चौकट आली तर येस दाबा, मला हाक मारू नका.' सगळ्यांनी दाबलं."

कुंदनचं तोंड उतरलं. म्हणजे चाहता एकही नाही.

"माझा तिसरा संशय हाच होता," झुंबर म्हणाला. नौशादने छताकडे बघितलं.

खंडेराव स्क्रीनकडे बघत राहिले. "हाऊ कोण शे?"

"जर्मनीचा खेळाडू, दादा."

"आन् प्रत्येकाले आधी ह्याचं थोबाड बघावंच लागतं?"

"हो..."

"मंग आडतीवर कशाले येतो? इठेच राह्य. फक्त ह्याले काढ, आपला कांदा लाव. भाव आन् फोन नंबरसकट."

कुंदन नाशिकलाच राहिला. आता गंगापूर रोडवर रिझल्ट बघा नाहीतर स्थळ, आधी लालबुंद कांदा दिसतो. खंडेरावांचा फोन दिवसभर वाजतो.

श्ट्रोबिंगरचा काउंटर मात्र रोज एकानेच पुढे सरकतो, कुंदन कॅफे उघडतो तेव्हा. झुंबरच्या मते यामागे फ्रान्सचा हात आहे.