रोझाबाईची ब्राउनी

"रोझाबाई असल्या कालवणात नारळाचं दूध घालायची," भाकरी कुस्करत दिनकरराव म्हणाले आणि सुमनबाईंनी पळी पातेल्यात आपटली.

ज्वारीच्या मुलखातल्या या माणसाला शेतकी खात्याने भातशेती शिकायला फिलिपिन्सला धाडले होते. माणूस परत आला, जीभ मात्र तिकडच्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातच राहिली. रोझाबाईचा मासा, रोझाबाईचं लोणचं आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे जांभळ्या कोनफळाची ब्राउनी. केकच्या जातीची, पण वरून खुसखुशीत आणि आत ओलीगच्च. रोझाबाई साठीच्या पुढची आहे हे सुमनबाईंना ठाऊक होते. त्याने काही फरक पडत नव्हता. नवरा समोर बसून जेवत होता आणि तरी घरी आल्यासारखा वाटत नव्हता, हे त्यांचे खरे दुखणे.

एके दिवशी दिनकरराव कामाला पिंगळीला गेले. सुमनबाईंनी न्हाणीमागचा, नवऱ्यानेच तिकडून आणून लावलेला वेल खणला. कोनफळ चांगले पोसले होते. ते उकडून कुस्करले, त्यात अंडी, लोणी, साखर, मैदा आणि तिकडून आलेला कोको घातला. कृती विचारायची गरज नव्हती. रोज जेवताना ऐकून पाठ झाली होती.

आता राहिले भाजणे. दिवाळीत नानकटाई भाजायला सगळी गल्ली बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीवर जायची, तशा त्याही ट्रे घेऊन गेल्या.

"चाचा, आतून ओलंच राहू द्या बरं का."

चाचांनी मान डोलावली. थोड्या वेळाने ट्रे बाहेर काढून तार खुपसली, तर तारेला जांभळा चिखल. चाचांचा चेहरा उतरला.

"बाई, हे तर कच्चं हाय!"

"तसंच पायजे, चाचा."

"असं कसं? मोहल्ल्यात लोक काय म्हणतील? बापाच्या जमान्यापासून या भट्टीतून कच्चा माल गेला न्हाई. फिकर करू नका, जास्तीची भाजणावळ घेत न्हाई मी."

आणि ट्रे पुन्हा आत गेला. सुमनबाई विनवत राहिल्या, चाचा समजूत घालत राहिले. शेवटी तार आत शिरेचना, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

सुमनबाई डोळे पुसत घरी आल्या, तर दिनकरराव दारातच. लपवायलाही वेळ मिळाला नाही. सुरी चालेना म्हणून दिनकररावांनी अडकित्त्याने तुकडा पाडला. तोंडात टाकताच कटकन आवाज झाला.

"काय हाय हे?"

"तुमच्या रोझाबाईची ब्राउनी!" सुमनबाईंचा बांध फुटला. "मला न्हाई जमली. जावा तिकडंच!"

दिनकरराव गाल धरून तसेच चुलीपाशी बसले. मग हळूच हसले.

"तीबी मला असंच म्हणली होती. 'जा तुझ्या सुमनकडं.'"

"तिला माझं नाव कसं ठाव?"

"रोज जेवताना तुझंच सांगायचो की! सुमनचे धपाटे, सुमनचा ठेचा. लय कावली बिचारी. शेवटी एक दिवस मक्याच्या पिठाचे धपाटे केले तिनं."

"कसे झाले?"

"करपले. रडायलाच लागली म्हातारी."

"मग?"

"मग काय, सगळे खाल्ले."

बोलता बोलता त्यांचा हात दुसऱ्या तुकड्याकडे गेला. सुमनबाईंनी ट्रे बाजूला ओढला.

"दात पडतील. थांबा, धपाटे लावते."

पीठ मळता मळता त्यांचा हात तिखटाच्या बरणीपाशी थांबला. मग नवऱ्याकडे न बघताच त्यांनी विचारले,

"रोझाबाईला तिखट चालायचं का हो?"