जिन्यावरून पडलेल्यांची नोंदवही

बायकांच्या हाडांचा खरा शत्रू जिना आहे, हे आमच्या रुग्णालयानं आकडेवारीनिशी सिद्ध केलं आहे. गेल्या वर्षी जिन्यावरून पडलेल्या बायका तीनशे बारा, पुरुष चार (पैकी तिघे रंगारी, कामावर होते). मी नोंदणीच्या खिडकीवर एकोणीस वर्षं आहे. 'जिन्यावरून पडणे' लिहून लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा मी त्याचा शिक्काच करून घेतला.

पुढे वरून आदेश आला आणि आमच्याकडे 'पीडित माता व बालक आधार कक्ष' सुरू झाला. कक्ष अगदी आदर्श! गुप्तता पाळायची म्हणून दारावर हातभर लाल अक्षरांत नाव रंगवलंय, आणि दार बाहेरच्या रांगेसमोरच उघडतं. मुलांसाठी एक बाहुली आहे (हरवू नये म्हणून कपाटात, कुलूपबंद). बाईला एकटं वाटू नये म्हणून फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाची सही लागते. सोबत बहुधा नवराच असतो. त्यामुळे आजवर एकही तक्रार नाही. कक्षाला उत्कृष्ट कामगिरीची ढाल मिळाली आहे.

मागच्या मंगळवारी एक बाई आली, तिसऱ्यांदा. मनगट मोडलेलं. सोबत सातेक वर्षांची मुलगी आणि नवरा. नवरा म्हणजे काय सांगू, हिरा माणूस! बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा तोच देत होता. मी शिक्का उचलला.

"काका, आमच्या घराला जिनाच नाहीये," मुलगी म्हणाली.

वहीत खाडाखोड चालत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं.

आमच्या अपघात विभागात एक जुन्या सिस्टर आहेत. नियमांशी त्यांचं कधी जमलं नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो दादा, या कागदावर चार शिक्के लागतील. आधी सात नंबरची खिडकी, मग मागची इमारत, परत सात नंबर, शेवटी नोंदणी. तोवर ताईंना प्लास्टर घालते मी."

असे शिक्के कुठल्याच नियमात नाहीत. पण त्यात दीड तास सहज जातो, आणि तेवढ्यात मुलीची मावशी गाडी घेऊन मागच्या फाटकाशी येणार होती. फोन सिस्टरांनीच केला होता.

सात नंबरवाला म्हणाला, चहा पिऊन या. मागच्या इमारतीत साहेब जागेवर नव्हते. परत सात नंबरला गेला, तर तिथे जेवणाची सुट्टी. सगळं रुग्णालय नेहमीसारखं चाललं होतं. शेवटी वैतागून तो माझ्याकडे आला.

माझ्या खिडकीवर मात्र कुणाचं काम रखडत नाही, बरं का. चारही शिक्के मी अर्ध्या मिनिटात मारून दिले. शिवाय माझ्या खिडकीतून मागचं फाटक दिसतं. मायलेकी घाईघाईनं तिकडेच निघाल्या होत्या, मुलीच्या हातात बाहुली होती (कुलूप कुणी काढलं, याची चौकशी चालू आहे).

"त्या बघा फाटकाशी. पटकन गेलात तर गाठाल," मी म्हणालो.

त्यानं गाठलं. गाडी नुकतीच वळत होती. मुलीला कडेवर घेतलं, बायकोचा हात धरला, प्लास्टरचाच. परत येताना माझे आभार मानायला विसरला नाही. मुलीनं बाहुली माझ्या खिडकीवर ठेवली. खरं सांगतो, त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. पित्त झालं असणार.

सिस्टरांना कारणे दाखवा नोटीस गेली. काल ते कुटुंब पुन्हा आलं. या वेळी नोंद मुलीच्या नावावर होती. मी शिक्का मारला. कारण विचारण्याआधीच तिनं शिक्क्याकडे बोट दाखवलं होतं.

नियमानुसार शेजाऱ्यांकडेही चौकशी होते. कुटुंब सज्जन आहे, भांडण कधी कानावर आलं नाही, अधूनमधून कुणीतरी जिन्यावरून पडल्याचा आवाज येतो तेवढाच, असं चौदा जणांनी लिहून दिलंय. घर तळमजल्यावर आहे. आता फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली सही राहिली आहे. तुम्ही टीव्हीचा आवाज जरा कमी केलात तर बेल ऐकू येईल. आमचा माणूस केव्हाचा दारात उभा आहे. पेन त्याच्याकडे आहे.