नुन्त्सिओ गवंड्याने बंद दारावर फत्ते केली त्याची हकीकत

श्रोते सावध असावेत. किल्ले सर केलियाच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या. परंतु रोमा शहरी, चित्रपटांचे दौलतीत, एका वाक्यासाठी रण माजले ते कोणी लिहिले नाही, म्हणोन सेवकाने लेखणी उचलिली.

ते समयी श्रीमंत आल्विझेसाहेब दिग्दर्शक, मूळचे उत्तरेचे, यांनी मसलत केली की, उत्तरेचे घरमालक दक्षिणेच्या मजुरांस खोली देत नाहीत, सबब त्या मालकांची हसत हसत सालटी सोलणारा चित्रपट काढावा. मनसुबा थोर. आणि मग अस्सल मजूर पाहिजे म्हणोन दक्षिणेकडील कालाब्रिया प्रांतीचा नुन्त्सिओ गवंडी विटांचे ढिगाऱ्यावरून उचलून आणिला. त्याचे वाट्यास एकच वाक्य, मालकाचे दारी उभे राहून विनवणीचे. तितक्यावर त्याने गावी मातुश्री सावेरियाबाईंस कळविले की, तुमचा लेक पडद्यावर बोलणार. आणि बाईंनी अवघ्या गावास दिवसातून दोनदा ऐकविले.

परंतु त्या दौलतीचा रिवाज ऐसा की, चित्रण मुके करावे, नटाने नुसते तोंड हलवावे, आणि आवाज मागाहून भाड्याचे सरदारांकडून भरून घ्यावा. नुन्त्सिओचे तोंडी ओर्तेन्सिओ बहाद्दर यांची नेमणूक जाहली. बहाद्दर रोमातच जन्मले, रोमातच फुगले. राजपुत्रापासून बोलक्या गाढवापर्यंत अवघे आवाज त्यांचे जहागिरीत.

हे वर्तमान कळताच नुन्त्सिओ हुजुरांपुढे रुजू जाहला. आल्विझेसाहेब वदले, "अरे बाबा, चेहरा तुझा झकास आहे. पण दक्षिणेचा माणूस कसा बोलतो, ते ओर्तेन्सिओला जास्त चांगलं जमतं."

"म्हंजे साहेब, माझं मलाच जमत न्हाई व्हय?"

साहेबांनी कॉफी मागविली.

मग आवाज भरावयाचे दिवशी दालनाचे दार बंद जाहले, वर तांबडा दिवा लागला, आणि बाहेरच्यांस मज्जाव ऐसे फर्मान सुटले. आत बहाद्दर कालाब्रियाचे बोलणे बोलो लागले. ते ऐकून सेवकास शरम वाटली. दाढदुखीचा बोकडही त्याहून बरा. साहेब म्हणती पुन्हा, बहाद्दर पुन्हा बें बें करिती, ऐसी दोन प्रहर झुंज चालिली.

बाहेर नुन्त्सिओचा धीर सुटला. आईला काय तोंड दाखवू, या विचाराने त्याचे डोळे भरले, आणि त्याने दोन्ही मुठींनी दारावर एल्गार केला.

"ओ मालक, दार उघडा की! आम्ही बी माणसंच हाओत!"

हे नेमके चित्रपटातलेच वाक्य. यंत्र चालू होते. दार मजबूत, आवाज त्याहून मजबूत. तो आत शिरून फितीवर बसला. साहेबांनी हात वर करून बहाद्दरांस थांबविले. मग बोलिले, "हेच. हेच ठेवा."

बहाद्दर रुसून गेले. तह ऐसा ठरला की, आवाज नुन्त्सिओचा राहावा. परंतु तो दाराआडून आलेला, सबब पडद्यावर नुसते बंद दार दिसावे आणि चेहरा कापावा. नुन्त्सिओ म्हणाला, "कापा. आईला आवाज पुरं."

मग चित्रपट उत्तरेत लागला. घरमालक पोट धरधरून हसले आणि घरी जाऊन कड्या लावून निजले. खोली कोणासही मिळाली नाही.

पुढे तो चित्रपट रोक्काफोर्ना मुक्कामी, नुन्त्सिओचे गावी, आला. मातुश्री काळी शाल पांघरून पुढेच बसल्या होत्या. पडद्यावर बंद दार आले, आणि त्याआडून लेकाची हाक आली. बाई ताडकन उठल्या.

"आरं, बसलाय काय मख्खावानी? दार उघडा की कुनीतरी! माझं पोरगं भायेर हुभं हाय!"

आणि अवघा गाव उठला, पाद्रीबाबा झगा सावरीत पुढे धावले, आणि थिएटराची दोन्ही दारे सताड उघडिली. बाहेर एक कुत्रे मात्र उभे होते. तरी बाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि चित्रपट सरेतो दार लावावयाची कोणाची छाती जाहली नाही.

उत्तरेत जे दार उघडले नाही, ते रोक्काफोर्नात उघडले. सबब फत्ते नुन्त्सिओची, ऐसे येथे नमूद केले असे.