रखमाजी हुप्प्याची शेपटी

एका जंगलात, मुलांनो, जिथे रेंज नव्हती तरी बातम्या पोचायच्या अशा एका जंगलात, रखमाजी नावाचा म्हातारा हुप्प्या राहायचा. सगळ्या टोळीचा म्होरक्या. त्याचा हुप्प ऐकून वाघसुद्धा दचकायचा.

पण महिनाभर या रुबाबदार रखमाजीला एक त्रास होता. दिवसातून वीसदा झाडामागे जायचं आणि थेंबभर करून परत यायचं. नरांच्या पोटात प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. नेमकी कुठे, ते बाबांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल. म्हातारपणी तिथे कधीकधी कर्करोग होतो आणि जीव जातो.

"अहो, बगळेवैद्यांना दाखवा ना," बायको गोदाक्का म्हणाली. "वेळेवर कळलं तर बरं होतं म्हणतात."

"तो मेला चोच कुठून घालून तपासतो, माहितेय का तुला?" रखमाजी खेकसला. "टोळीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

तेवढ्यात पोपट बातमी घेऊन आला. नदीपलीकडच्या हुप्प्यांत बारशालाच बाळाच्या शेपटीचा शेंडा कापायची रीत होती. (शेपटीचाच का, असं विचारू नका. मोठ्यांना कळलंय.) घुबडपंडितांनी दोन्ही काठांवरचे मेलेले मोजले होते.

"शेंडा कापलेले त्या कर्करोगानं कमी मरतात हो!" पोपट ओरडला. पंडितांचं बोलणं अजून संपायचं होतं, पण पोपटाला घाई होती.

झालं! खेकड्यानं वडाखाली दुकान थाटलं. ही रांग लागली. रखमाजी सगळ्यांत पुढे.

"शेंडाच ना, मालक?" खेकड्यानं नांगी परजली.

"अरे, नुसत्या शेंड्यानं एवढा गुण, तर अख्ख्या शेपटीनं किती येईल! उडव बुडापासून."

खेकड्यानं उडवली. गोदाक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी घुबडपंडित धापा टाकत आले. "अहो, पोपटानं अर्धंच सांगितलं! पलीकडे बारशाला वैद्य घरी येतात. नातवाचा शेंडा कापून झाला की आजोबांनाही त्यांच्यापुढे ओणवं करतात. त्याशिवाय पानच वाढत नाहीत. आता गुण शेंड्याचा की तपासणीचा, ते मलाही सांगता येत नाही."

"ऐकलंत?" गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तुम्ही हवे आहात हो. चला ना वैद्यांकडे. मी येते बरोबर."

"काही गरज नाही. मी आता ठणठणीत आहे, बघ!" असं म्हणून रखमाजीनं समोरच्या जांभळीवर झेप घेतली. तोल सावरायला शेपटी लागते, हे हवेत गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

तो खाली पडला तो उठलाच नाही. गोदाक्का ऊर बडवून रडली.

घुबडपंडितांनी जड मनानं वहीत लिहिलं, 'कारण: झाडावरून पडून.'

संध्याकाळी खेकड्याच्या दुकानावर नवी पाटी लागली, 'आमच्याकडे कापून घेतलेला एकही हुप्प्या त्या कर्करोगानं मेलेला नाही.' पाटीत एक अक्षर खोटं नव्हतं. रांग दुप्पट झाली.

तात्पर्य: अंगावरचं काय वाटेल ते कापावं, फक्त लाज कापू नये. ती गेली की म्हातारा वैद्याकडे जातो आणि उगाच पुष्कळ वर्षं जगतो.