ढगफोड्याच्या नेत्रभंगाची बखर

श्री तेजोनिधी प्रसन्न. पुढचे दिसो, मागच्यास आपण दिसो. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध सप्तमीचे दिवशी राज्यावर जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत ऐसीजे.

राज्य दोन खोल्यांचे, वर गच्ची सामाईक. गादीवर श्रीमंत अच्युतराव. खजिना राणीसाहेब सुमित्राबाईंचे हाती. आणि पागेत अश्व एकच, लोखंडी, नामे ढगफोड्या. लौकिकी त्यास जुनी मोटारसायकल म्हणतात. हा अश्व खासा श्रीमंतांचा नव्हे. श्वशुर राजश्री यादवराव यांस वयोमानाने किक बसेना, तेव्हा त्यांनी तो जामातास वापरावयास दिला, आणि करार ठरविला की, "जावईबापू, अश्व आमचा, बसणे तुमचे. दर दसऱ्यास येऊन पाहू. एक अवयव जरी मेलेला दिसला तरी त्याच पावली घेऊन जाऊ." अश्व गेलिया शेजारचे सरदार दामलेकाका यांचे स्कूटरवर मागे बसून कचेरीस जाणे प्राप्त होते, आणि काका रस्ताभर आपले गुडघ्याचे ऑपरेशन रोज प्रथमपासोन सांगत, भूल दिल्यानंतरचेही सांगत. सबब श्रीमंत अश्वास जिवापाड जपत.

ते दिवशी श्रीमंतांस बुद्धी जाहली की, दसरा तोंडावर आला, अश्वाचे पुढील दिव्याची धूळ आतून पुसावी. मग खासे मांडी घालून बसले, आणि काच उतरविली, आणि मागला होल्डर, जो बल्बास जागी धरून ठेवितो, तो डावीकडे फिरवावयाचा तो उजवीकडे फिरविला, आणि फिरेना म्हणोन कालथा लाविला, आणि कट्ट ऐसा आवाज होऊन होल्डराचे दोन्ही कान तुटोन फरशीवर पडिले, आणि बल्ब तारेस लोंबकळू लागला. श्रीमंत घटकाभर कालथ्याकडे पाहात राहिले, जैसी फितुरी त्यानेच केली. मग बाजारी शोध घेतला, तेथे दुकानदार बोलिला की, नुसता होल्डर येत नाही, पुरा डोळाच घ्यावा लागेल. आणि डोळा घ्यावा तर खजिना उघडावा लागतो, आणि खजिना उघडता राणीसाहेब कारण पुसतात, आणि राणीसाहेबांस कळले ते दुपारचे फोनात श्वशुरांस कळते. मग श्रीमंतांची स्वारी गुप्तरूपे हणमंता मिस्त्री याचे छावणीस गेली.

हणमंता तुटके कान हाती घेऊन बोलिला, "सरकार, हे चिकटवून टिकायचं नाही, बल्ब तापला की निघंल. एवढी पितळी वाटी आणा. बुडाला भोक पाडतो, पेनातली स्प्रिंग घालतो, ट्यूबच्या रबरानं तार वेगळी ठेवतो. नव्याच्या बापाला ऐकायचं नाही." "एवढी म्हणजे केवढी?" तेव्हा हणमंत्याने अंगठा व तर्जनी जोडून कडे केले. श्रीमंतांनी आपल्या बोटांचे कडे त्यावर ताडून घेतले, आणि माप मोडू नये म्हणोन हात तैसाच उंच धरून भर बाजारातून कूच केले. भाजीवाली बोलिली, "छान हाय ते मलाबी ठावं हाय दादा, घेणार का ते सांगा." पुढे दामलेकाकांनी ती गुडघ्याची विचारपूस समजोन तेथेच पाऊण तास घेतला, परंतु श्रीमंतांनी बोटे हलू दिली नाहीत.

मग घरी येऊन मुलूख धुंडिला. चहाचे गाळणे लावून पाहिले, मोठे. आमटीची वाटी, फारच मोठी. अखेर देवघरात निरांजन होते, ते कड्यात ऐसे बसले जैसे मापून घडविले. श्रीमंत हात जोडून बोलिले, "देवा, तुझा दिवा दिव्यातच घालतो. खाते बदलत नाही." आणि खिशात घातले. मग हणमंत्याने निरांजनाची बैठक कापिली, आणि बुडाला भोक पाडिले, आणि बल्ब वसविला, आणि बटण दाबिताच समोरचे भिंतीवर ऐसा प्रकाश पडिला की तेथील पाल लाजून निघोन गेली.

दसऱ्यास श्वशुर दाखल जाहले. भोंगा वाजविला, ब्रेक दाबिला, आरशात मिशा पाहिल्या. मग दिवा लाविला आणि बोलिले, "वा! जावईबापू, आमच्या वेळेसही ऐसा नव्हता!" श्रीमंतांचे छातीवरील दगड उतरतो न उतरतो, तोच राणीसाहेब तबक घेऊन बाहेर आल्या. "अहो, निरांजन कुठं पाहिलंत का? गाडीची आरती करायची आणि दोन दिवस सापडत नाहीये." श्वशुर बोलिले, "आरतीवाचून पूजा होत नाही. शोधा."

श्रीमंतांस पुढे खंदक, मागे दामलेकाका. मग काय मनी आले ते येवो, त्यांनी दिवा पुन्हा लाविला, आणि दोन्ही हाती हँडल धरून ते डावे-उजवे फिरवू लागले, आणि मोठ्याने आरती म्हणू लागले. राणीसाहेब टाळ्या वाजवू लागल्या, कारण आरती सुरू जाहली की टाळ्या वाजतातच. ऐसे त्या अश्वाने स्वतःची आरती स्वतः ओवाळिली.

आरती सरली. श्वशुर रिवाजाप्रमाणे आरती घ्यावयास वाकले, काचेवर तळहात धरून डोळ्यांस लाविले, आणि वाकलेलेच राहिले. आत पितळेची कड, तीवर ठोक्यांची अक्षरे, उलटी: "चि. सौ. कां. सुमित्रा हीस रुखवतात, बाबांकडून."

"जावईबापू."

"जी, मामा."

"हे काय?"

"होल्डर, मामा."

श्वशुरांनी वाकूनच ती अक्षरे पुन्हा एकवार वाचिली. श्रीमंतांस कानी गुडघ्याचे ऑपरेशन ऐकू येऊ लागले. मग श्वशुर उठोन बोलिले, "अवयव मेला होता, तेव्हा करारान्वये अश्व आमचा. परंतु लेकीस दिलेली वस्तू परत नेण्याची चाल आमचे घरी नाही, आणि ती काढावी तर अश्व आंधळा. सबब ज्यात लेकीचे निरांजन, तो अश्व लेकीचा." आणि किल्ली राणीसाहेबांचे हाती दिली.

येणेप्रमाणे अश्व राज्यातच राहिला. तेव्हापासोन राणीसाहेब पुढे बसतात आणि श्रीमंत मागे डबा धरून बसतात. आणि रोज सांजवेळी श्रीमंत अश्व दारात आणून तोंड देवघराकडे करून उभा करितात, आरतीस अपर लावितात, नैवेद्यास डिपर देतात. देव डोळे मिटून असतात. ही खरी हकीकत.