सान रोके आणि साडेआठची गोळी

आमच्या गावात वेळेचं गणित माझ्याइतकं कोणाचंच पक्कं नाही. मी वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवतोय. कोणता जीव किती वेळात मरतो हे मला कोणी विचारावं लागत नाही, मी न विचारताच सांगतो.

प्रश्न काल्देरोचा होता. काल्देरो म्हणजे भाताचं पातेलं. आमच्या कुत्र्याचा रंग त्या पातेल्याच्या बुडासारखा, म्हणून हे नाव. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच्या अंगावर पिसवांनी वसाहत केली आणि तिथून एक तुकडी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे नानायच्या, कमरेकडे रवाना झाली. नानाय चर्चच्या जपमाळ मंडळाच्या अध्यक्ष. भर प्रार्थनेत त्यांनी कंबर खाजवली आणि मागच्या तीन बाकांनी ते पाहिलं.

"सोळा तारखेला सान रोकेचा सण," घरी आल्यावर नानाय म्हणाल्या. "दुपारी पंचवीस माणसं जेवायला. तेव्हा एक जरी पिसू दिसली, तर कुत्रा माझ्या भावाच्या मळ्यावर."

हा भाऊ कुत्रे नारळाला बांधतो आणि विसरून जातो. काल्देरो सहा वर्षं माझ्या पायाशी झोपतोय. माझी बायको लिगाया त्या दिवशी कांदा चिरतेय म्हणून दोनदा डोळे पुसून आली. घरात कांदा नव्हता.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "विज्ञान आहे."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. "अर्ध्या तासात पिसवा मरायला लागतात. चार-सहा तासांत जवळजवळ सगळ्या खलास. पण असर एकच दिवस, पुढे महिन्याची गोळी सुरू करा. आणि सर, सुरुवातीला तो जरा..."

"कळलं," मी म्हणालो. मी शिक्षक आहे, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देण्याची मला सवय नाही.

असर एकच दिवस, म्हणजे गोळी सणाच्याच सकाळी. साडेआठला गोळी, नऊला चर्चच्या अंगणात कुत्र्यांना आशीर्वाद, एकला जेवण. सान रोके हा कुत्र्यांचा कैवारी संत, मूर्तीत त्याच्या पायाशी कुत्रा असतो, त्यामुळे त्या दिवशी गावातलं प्रत्येक कुत्रं फादरसमोर जातं. अध्यक्षांच्या घरचं न जाऊन कसं चालेल?

रांगेत आमच्या पुढे शेजारच्या बेबांगबाई, काखेत गुलाबी झगा घातलेला पूडल.

"सर, तुमच्याला कपडे नाहीत?"

"तो साधा आहे."

नऊ वाजून पाच मिनिटांनी फादर अनिसेतोंनी काल्देरोवर तीर्थ शिंपडलं, आणि डॉक्टरीणबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य मला पुरतं कळलं. मरायच्या आधी पिसवांचं डोकं फिरतं. सगळ्यांचं एकदम. काल्देरो तापल्या तेलात सोडलेल्या ओल्या मासळीसारखा उडाला. स्वतःभोवती सात फेऱ्या मारल्या, पाठ जमिनीला घासली, मग नानायच्या डोक्यावरचा पांढरा जाळीचा रुमाल खाली ओढून त्यावर गडाबडा लोळला.

"पाण्याने भाजलं त्याला," कोणीतरी म्हणालं.

"आत काहीतरी शिरलंय," बेबांगबाई पूडलला छातीशी धरून म्हणाल्या.

आपलं पाणी इतकं लागू पडलेलं फादरांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी हुरूप येऊन आणखी शिंपडलं. नानायनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मळा होता, नारळ होता, दोरीही होती.

दहा मिनिटांनी काल्देरो शांत पडला. पांढऱ्या रुमालावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. नानायनी चष्मा लावला, एक ठिपका नखावर घेतला.

"मेलीये." दुसरा घेतला. "हीसुद्धा."

मग एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला, आणि पुढच्या पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या तिथे हजर झाल्या.

"शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर..." मी घसा साफ केला.

"सर, जरा झाकण धरा," मुख्याध्यापक म्हणाले.

बेबांगबाईंनी पूडलवर अख्खा तांब्या ओतला. पूडल भिजला. त्याच्या पिसवाही भिजल्या. त्यापलीकडे काही झालं नाही.

"श्रद्धा कमी पडली," नानाय म्हणाल्या. ते बेबांगबाईंना लागलं.

दुपारी एकला काल्देरो पाहुण्यांच्या पायांत निवांत पसरला होता. एकही पिसू नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो, तेवढ्यात बेबांगबाई म्हणाल्या, "मी कुंपणावरून पाहिलं. साडेआठला सरांनी त्याला काहीतरी भरवलं."

पंचवीस चमचे थांबले. सकाळपासून मी याच क्षणाची वाट पाहत होतो.

"त्याचं असं आहे..."

"जावई," नानाय म्हणाल्या, "आतून भात आणू या."

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटलं. "गोळी होती?"

"गोळीच होती." माझी छाती जरा पुढे आली.

"असर किती दिवस?"

"एक."

"म्हणजे दोन दिवसांत पिसवा परत. मग कुत्रा मळ्यावर." त्यांनी शांतपणे भात उकरायला घेतला. "आणि चमत्कार असेल, तर सान रोकेने हात लावलेला कुत्रा घराबाहेर काढायची माझी काय बिशाद? नीट आठवा. काय होतं?"

मी भात घेऊन बाहेर आलो.

"सकाळी त्याला सुकट दिली होती," मी पंचवीस माणसांना सांगितलं. त्यांत माझे चार विद्यार्थी होते. "बाकी सगळं सान रोकेचं."

बेबांगबाईंनी मान खाली घातली. काल्देरोने शेपूट हलवली. लिगायाने मला न विचारता तिसऱ्यांदा वाढलं.

संध्याकाळी भांडी विसळताना नानाय म्हणाल्या, "सान रोकेला फार कामं असतात. आपल्या कुत्र्याची त्याला दर महिन्याला आठवण करून द्यावी लागेल. ती तुम्ही देत जा."

देतो. मटणाच्या चवीची मिळते.